नवे घर बांधण्यापूर्वी

नवे घर बांधावयास निघालेला गृहस्थ प्रथम मुहूर्त विचारतो, मग दरवाजा कोणत्या दिशेस असावा ते विचारतो. ते योग्यच आहे. परंतु जमिनीला आणि शेजाराला विचारावयाचे राहून जाते, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

शास्त्राचाही हाच अभिप्राय आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकातील ‘बृहत्संहितें’त भूमिपरीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणून त्याच मातीने तो भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, अपुरी पडली तर त्याज्य. अर्थात आधी माती हातात घ्यावी, असे परंपराच सांगते.

आपल्या भागात याची गरज विशेष. निपाणीकडील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच टेकविलेल्या घराच्या भिंतींना तडे जातात. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. बेळगाव-खानापूरकडे तांबडी माती व जांभा, पण पाऊस दांडगा. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा व मलप्रभा यांच्या पुरांनी जिल्ह्यात किती संसार उघड्यावर आणले, हे आपण पाहिले आहे. वैशाखात कोरडी दिसणारी जागा श्रावणात कशी असते, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारूनच विसार द्यावा.

खरा धर्मप्रश्न येथेच उभा राहतो. एखादा गृहस्थ शेजारचा ओहोळ बुजवून आपले जोते उंच करतो. त्याचा दरवाजा पूर्वेस, मुहूर्त निर्दोष. पण तुंबलेले पाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरते. ते घर शुभ म्हणावे काय? आम्ही तरी म्हणणार नाही. “जागा माझी, पैसा माझा” असे उत्तर मिळेल. परंतु पाण्याची वाट उताऱ्याहून जुनी असते. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात पसरते, तेव्हा बुडते ते दुसऱ्याचे भात. ज्यांना ऐपतीप्रमाणे सखल जागाच मिळते, त्यांना आम्ही दोष देत नाही. जोते अवश्य उंच करावे; पाण्याची वाट तेवढी मोकळी ठेवावी.

भूमिपूजनात आपण धरित्रीची क्षमा मागतो. ज्याने तिचा स्वभाव जाणून घेतला आणि शेजाऱ्याचे अंगण कोरडे राखले, त्याच्याच मुखी ती प्रार्थना शोभते. सभासद बंधुभगिनींनी कुदळ मारण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करावा, ही विनंती.