पुत्र, दारा, गृह आणि बिढार (ज्ञानेश्वरी, अध्याय १३)



तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणं आपण रोज थोडी थोडी बघतोय. अमानित्वापासून निघालो, अहिंसेपाशी बरेच दिवस थांबलो (माउलीच तिथे एवढे थांबलेत, तर आपली काय घाई), आणि आज गीतेच्या नवव्या श्लोकावर आलो. काही प्रतींत हाच श्लोक दहावा असतो, कारण त्यांत अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न जास्तीचा धरलेला आहे. तुमच्या पोथीत आकडा वेगळा दिसला तर गोंधळू नका.

श्लोकाचा अर्थ थोडक्यात असा: मुलगा, बायको, घर वगैरेंच्या ठिकाणी आसक्ती नसणं, अनभिष्वंग असणं, आणि मनाजोगतं घडो की मनाविरुद्ध, चित्त सम ठेवणं, हे ज्ञान.

मी हा श्लोक इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर पहिल्यांदा वाचला. तेव्हा एकदम सोपा वाटला, कारण यादीतलं काहीच जवळ नव्हतं. आता मला सातवा लागलाय, अडीच वर्षांची लेक आहे, जरीपटक्यात दोन खोल्यांचं घर आहे. आणि नवरा झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो, म्हणजे भाऊबीजेपासून होळीपर्यंत तो घरचा पाहुणा. शिवाय एक गोष्ट होस्टेलवर लक्षात आली नव्हती, ती आता आली. "पुत्र-दारा-गृह" यातली दारा म्हणजे मीच की! ज्या यादीला धरून बसायचं नाही, तिच्यात लेकरू आणि घर यांच्या मधोमध माझं नाव आहे.

हे गमतीनं लिहितेय, पण मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात एक वयस्कर गृहस्थ माझ्या नवऱ्याचं कौतुक करताना हाच श्लोक म्हणाले. कलावंताला संसाराची आसक्ती नसते, तो मुळातच अनासक्त, असा त्यांचा सूर. लोकांनी माना डोलावल्या. मी काही बोलले नाही, पण घरी येऊन पोथी उघडली. घराबाहेर राहणं म्हणजे अनासक्ती असेल, तर सगळे ट्रक ड्रायव्हर आणि सेल्समन ज्ञानी झाले म्हणायचे.

ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते. पूर्वी दिवसा शंकरपट व्हायचा आणि पट बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं गाव; कंपन्यांची ऑफिसं तिथे, बुकिंग तिथे. नाटक रात्री उशिरा उघडतं ते पार उजाडेपर्यंत चालतं. लोक थंडीत चादरी-घोंगड्या घेऊन बसतात. याच रंगभूमीवर हजारो प्रयोग केलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा गाठायला आमच्याकडून निम्मा दिवस जातो, आणि प्रयोगाची गावं त्याच्याही आत. नवरा पहाटे रंग उतरवतो, गाडीत झोपतो, उठतो ते दुसऱ्या गावात.

आता ज्ञानोबा काय म्हणतात बघा. ओव्या इथे देत नाही, आपापल्या पोथीत वाचा. मी माझ्या भाषेत सांगते. ते म्हणतात, ज्ञानी माणूस देहात कसा राहतो, तर बिढारात उतरलेल्या उखित्यासारखा. बिढार म्हणजे तात्पुरतं मुक्कामाचं ठिकाण, उखिता म्हणजे तिथे उतरलेला वाटसरू. घरावर त्याची आस्था किती, तर वाटेनं जाताना झाडाची सावली लागली, तितकीही नाही. आणि मुलंबाळं त्याला कशी, तर वस्तीला आलेले प्रवासी जशी, किंवा झाडाखाली येऊन बसलेली गुरं.

"बिढार" हा शब्द मी पोथीत वाचला आणि नवऱ्याच्या बॅगेकडे बघितलं. ज्ञानोबांना जे उपमा म्हणून सांगायचं आहे ते आमच्याकडे चार-पाच महिने अक्षरशः चालू असतं. आज शाळेच्या खोलीत, उद्या कुणाच्या ओसरीवर. पण म्हणून तो घराला धरून नाही का? मंडळी, तो बिढारात असतो आणि त्याचा सगळा जीव फोनमध्ये. रेंज आली की तीन मेसेज एकदम पडतात: बीपी किती, चिऊ जेवली का, गोळी घेतली का. तेव्हा पाय कुठे आहेत यावरून आसक्ती मोजता येत नाही, एवढं तर आमच्या घरातच सिद्ध होतं.

मग अनभिष्वंग म्हणजे काय? शब्द जड आहे, पण मूळ साधं आहे. परिष्वंग म्हणजे मिठी. अभिष्वंग म्हणजे घट्ट चिकटून बसणं. शंकराचार्यांनी भाष्यात तो फार नेमका सांगितलाय: दुसरा सुखी झाला की मीच सुखी, दुसरा दुःखी की मीच दुःखी, तो जगला तर मी जगेन, तो गेला तर मी मेले, असं दुसऱ्याशी पूर्ण एक होऊन बसणं म्हणजे अभिष्वंग. तो नको.

इथे मी अडले. दोन दिवस अडले. कारण गरोदर बाईला हे सांगायचं कसं? तिच्या बाबतीत ही भावना नाहीच, शरीराची वस्तुस्थिती आहे. मी खाल्लं तर ते खातं. माझं बीपी वाढलं की डॉक्टर आधी त्याच्या हृदयाचे ठोके बघतात. मागच्या तपासणीत बीपी थोडं वर दिसलं, मीठ कमी करायला सांगितलं, दर आठवड्याला बोलावलं. त्या रात्री मला झोप नव्हती. हा श्लोक तेव्हा कुणी मला ऐकवला असता तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

पण माउलींच्या त्या उपमांपाशी बसून राहिले तेव्हा दिसलं की बिढार हा शब्द इथेही आहे. पोटातलं हे बाळ नऊ महिन्यांचं उखितं आहे. ते माझ्यातून येतंय, माझंच अन्न खातंय, आणि तरी पहिल्या दिवसापासून त्याचा मुक्काम मोजलेला आहे. जिचं शरीर पूर्ण एक झालंय तिलाच दर आठवड्याला सांगितलं जातं की अजून इतके आठवडे, मग ते वेगळं. मुलं म्हणजे वस्तीला आलेले प्रवासी, हे एरवी कोरडं वाटणारं वाक्य माझ्या फाइलीतल्या सोनोग्राफीच्या कागदावर तारखेसकट छापलेलं आहे.

आता माउली हे ज्या जागेवरून बोलतात ती बघू. परंपरेनं सांगितलेली त्यांच्या घरची हकिकत आपल्याला माहीत आहे. विठ्ठलपंत आळंदीला रुक्मिणीबाईंना मागे ठेवून काशीला गेले आणि संन्यास घेतला. पुढे त्यांच्या गुरूंना कळलं की बायको वाट बघतेय, तेव्हा त्यांनीच त्यांना संसारात परत पाठवलं. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता झाली, संन्याशाची पोरं म्हणून गावानं वाळीत टाकली, आणि शेवटी आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. चारही लेकरं उघड्यावर. ज्ञानेश्वरी सांगून झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाश्याला. सांगणारा पोरसवदा.

म्हणजे मुलं ही झाडाखाली बसलेल्या गुरांसारखी, असं म्हणणारा माणूस स्वतः ते गुरू होता ज्याच्या डोक्यावरचं झाड गेलं. घर सोडून जाण्याची किंमत त्याला कुणी शिकवायला नको. त्यानं "बापानं निघून जावं" असं लिहिलेलं नाही. त्याच्या उपमेतलं झाड कुठेही जात नाही. ते उभंच आहे. गुरं बसली म्हणून ते त्यांना दावं बांधत नाही, आणि उठून गेली म्हणून वाळत नाही. पण दुपार आहे तोवर सावली पूर्ण देतं, अर्धी नाही.

ह्याला जोडून अहिंसेच्या ओव्या पुन्हा वाचा, कारण यादी तीच आहे आणि माणूसही तोच. तिथे माउलींनी दोन आया आणल्या होत्या. एक, पिल्लाला तोंडात धरून नेणारी. दात तेच, पण पिल्लाला त्यांची टोकं नुसती लागतात, रुतत नाहीत. दुसरी कासवी. ती लांबून नुसती बघते आणि पिल्लं पोसली जातात, असा संतांचा संकेत आहे. ज्ञानी माणसाच्या नजरेबद्दल बोलताना माउली म्हणतात की त्याचं बघणं कासवीलाही जमणार नाही असं असतं. (प्राणिशास्त्र वेगळं सांगतं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवी अंडी घालून समुद्रात निघून जाते, वळूनही बघत नाही. असू द्या. संतांना जीवशास्त्राचा पेपर लिहायचा नव्हता.)

मला त्या दातांच्या उपमेनं सोडवलं. अनभिष्वंग म्हणजे धरू नका असं नाही. पिल्लू तोंडातून सोडलं तर ते पडेल. धरायचं, आणि दात रुतू द्यायचे नाहीत.

आमच्या घरात दात रुतायची जागा म्हणजे कॅमेरा. दिवाळीत नवरा म्हणाला, हॉलमध्ये एक कॅमेरा लावू, मला गाडीतून चिऊ दिसेल. लावला. तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन: ती अजून झोपली का नाही, सासूबाईंनी तिला बिस्किट का दिलं. मी मिहानच्या ऑफिसात मीटिंगमध्ये आणि तो सिंदेवाहीजवळ कुठेतरी, दोघंही एकाच स्क्रीनकडे बघतोय. सर्व्हरवर नजर ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे मला ते लगेच ओळखू आलं. ती पाळत होती. दृष्टी वेगळी. सासूबाई म्हणाल्या, "अवं, हे यंत्र पाहते, पण माया करत नाही." आता कॅमेरा बंद आहे. तो रेंज असेल तिथून संध्याकाळी रंग लावायच्या आधी फोन करतो, चिऊ त्याच्या अर्ध्या रंगवलेल्या तोंडाला हसते, आणि दहा मिनिटं दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसतात. फार काही बोलतही नाहीत.

या विषयात विठाबाई नारायणगावकरांची आठवण न काढता पुढे जाता येत नाही. पंढरपुरात १९३५ साली जन्मलेली, तमाशात वाढलेली ही बाई. दिवस भरलेले असताना फडावर नाचत होती, कळा आल्या म्हणून मागे गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली, अशी हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हातून तिचा सन्मान झाला, आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली ती गेली. लोक ही गोष्ट कलेवरची निष्ठा म्हणून टाळ्यांसाठी सांगतात. मला ती तशी ऐकवत नाही. त्या बाईच्या पाठीमागे अख्ख्या फडाची पोटं होती, म्हणून ती उभी राहिली. तिच्यासाठी बिढार आणि घर ही दोन ठिकाणं नव्हतीच. तिला अनासक्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्या रात्री तिच्या बाळाला आणि तिला दोन दिवस सावली कुणी दिली असती का, हा प्रश्न मग विचारावा लागत नाही.

म्हणून एक गोष्ट मला खटकते ती सांगते. वाटसरूची ओवी पुरुषाला आणि झाडाची ओवी बाईला, अशी वाटणी आपण नकळत करतो. त्यानं फिरावं, तिनं उभं राहावं, आणि दोघांनाही ज्ञानी म्हणावं. माउलींनी अशी वाटणी केलेली नाही. देहात उखिता तोच, आणि ज्याच्या खाली गुरं बसतात ते झाडही तोच. एकाच माणसात दोन्ही. म्हणजे मलाही कधीतरी सावलीला बसायचा हक्क आहे, आणि नवऱ्यालाही झाड व्हावं लागतं.

परवा आम्ही हेच बोललो, पोथीचं नाव न काढता. मी त्याला सीझन सोडून ये असं म्हटलं नाही. हे पाच महिने म्हणजे त्याच्या वर्षाची कमाई, आणि ठरलेल्या प्रयोगांवर दुसऱ्या वीस-पंचवीस जणांची चूल आहे. पण माघ लागला की तू इथे, एवढं स्पष्ट सांगितलं. "येतो बघू" चालणार नाही. त्यानं तासाभरानं फोन करून कळवलं की माघातल्या तारखांना बदली नट मिळालाय, ॲडव्हान्स परत करतोय. आवाज थोडा पडला होता. त्या नाटकातली भूमिका त्याची आवडती आहे.

चित्त सम ठेवण्याबद्दलचा श्लोकाचा उरलेला भाग उद्या बघू. तोवर ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी अहिंसेच्या ओव्यांतला नजरेचा भाग एकदा मोठ्यानं वाचावा. चिऊला तो नाद आवडतो, अर्थाची तिला पडलेली नाही.

राम कृष्ण हरी.