सेंद्रिय कापूस आणि अहिंसेची मर्यादा

सेंद्रिय कापसाच्या शेतातही जीव मरतात. विदर्भातला दोन-चार एकरांचा शेतकरी रासायनिक फवारणी सोडतो, पण मावा, तुडतुडे आणि बोंडअळी त्याचे शेत सोडत नाहीत. निंबोळी अर्काने अळीचे खाणे मंदावते, तिला नीट कात टाकता येत नाही आणि ती हळूहळू मरते. कामगंध सापळ्यात नर पतंग अडकतात. मग या शेतीला अहिंसक म्हणावे का?

जैन विचाराने या प्रश्नाची फार बारकाईने चिकित्सा केली आहे. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, वर्ज्य. चरितार्थाच्या कामात ओघाने घडणारी उद्योगी हिंसा मात्र गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. नांगरटीत मरणारे किडे या दुसऱ्या प्रकारात बसतात. फवारणीचे तसे नाही, कारण ती मारण्यासाठीच असते. ट्रायकोकार्डाने पेच आणखी वाढतो. पऱ्हाटीच्या पानाला टाचलेल्या या कार्डावरून निघणारा ट्रायकोग्रामा हा चिमुकला मित्रकीटक बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालतो आणि अळी जन्माआधीच संपते. शेतकऱ्याने स्वतः काहीच मारलेले नसते. पण जैन शास्त्र कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, करवून घेतलेली आणि संमती दिलेली, अशी तिन्ही प्रकारची हिंसा मोजते. हा काटेकोरपणा गैरसोयीचा असला तरी योग्यच आहे.

वाट दाखवते ते जैन आचार्य उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र. हिंसेच्या व्याख्येत त्यांनी प्रमादाला, म्हणजे असावध वृत्तीला, मध्यवर्ती स्थान दिले. शेतात सावध वृत्ती अशी दिसते: एका कामगंध सापळ्यात सलग 3 दिवस रोज 8 पतंग सापडले, तर गुलाबी बोंडअळीवर उपाय करायचा. तोवर डोमकळ्या, म्हणजे अळी शिरलेली न उमलणारी फुले, वेचून नष्ट करायच्या. मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर माव्यावर उपाय करायचे थांबायचे. ही मोजणी म्हणजे शेतातला अप्रमादच. वेळापत्रकाने मारलेल्या विषारी फवाऱ्यात तो उरत नाही, आणि त्या विषाची झळ माणसालाही बसते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे 20 शेतकरी-शेतमजूर दगावले.

या सावधपणाची किंमत कोणी मोजायची, हाही धर्माचाच प्रश्न आहे. सेंद्रिय प्रमाणपत्राआधी कापसासारख्या पिकाला साधारण 2 वर्षांचा रूपांतरण काळ असतो. त्या काळात उत्पादन बहुधा घटते आणि माल सामान्य भावानेच जातो. लहान शेतकऱ्याने हा तोटा एकट्याने सोसावा, हे अन्यायाचे आहे. अनुमोदनाचा न्याय लावला तर स्वस्त कापड मागणारा ग्राहकही फवारणीच्या हिंसेत वाटेकरी ठरतो. रूपांतरण काळातल्या कापसालाही जादा भाव देऊन हा भार वाटून घेता येतो, आणि काही खरेदीदार तसे करतातही.