अन्नाची मर्यादा

अन्नातील सूक्ष्म जीवांना आवर घालणे ही तंत्राची बाब मानली जाते, परंतु ज्या परंपरेत डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाची हत्याही पाप ठरते, तिच्या दृष्टीने तो धर्माचाच प्रश्न असतो. बीडजवळच्या पालीपासून पुढे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. बिंदुसरा प्रकल्पाच्या परिसरातील या गावावरून धुळे-सोलापूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की मांजरसुंब्याच्या बाजूला वीरशैव संत मन्मथस्वामींचे कपिलधार आहे, आणि पुढे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. तेथे देशभूषण आणि कुलभूषण हे मुनी मोक्षाला गेले अशी श्रद्धा असून, 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नाचा क्रमाक्रमाने त्याग करून, तेथेच देह ठेवला. याच कुंथलगिरीचे नाव घरोघरी पोहोचले आहे ते तिथल्या खव्यामुळे आणि पेढ्यामुळे.

खवा करणे म्हणजे दुधातले पाणी उडवून जिवाणूंची वाढ रोखणे. पसरट कढईत दूध सतत ढवळत आटवले जाते, कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा मध्ये ओढली जाते, आणि गोळा कढईची कड सोडू लागला की खाली उतरवला जातो. म्हशीच्या सुमारे 5 लिटर दुधातून किलोभर खवा निघतो. या आचेत बहुतेक जिवाणू मरतात, तरी काहींची बीजरूपे, ज्यांना बीजाणू म्हणतात, ती तग धरून राहतात, आणि खव्यात अजून सुमारे एक तृतीयांश पाणी उरलेले असते. म्हणून तो उघड्यावर काही दिवसच टिकतो. त्याच खव्यात साखर घालून पेढा वळला, की उरलेले पाणी साखर धरून ठेवते व जिवाणूंच्या वाट्याला येऊ देत नाही. मिठाने लोणचे टिकते, उन्हाने कुरडया आणि सांडगे टिकतात, त्यामागचे कारण हेच आहे: जीव मारण्यापेक्षा त्याला वाढायला जागा न देणे.

हा भेद जैन तत्त्वज्ञानाला परका नाही. आत्म्याकडे येणारा कर्माचा ओघ थांबवणे याला तेथे संवर म्हणतात आणि साचलेले कर्म झडवून टाकणे याला निर्जरा. ओघ चालूच राहिला तर झडवण्याला अंत नसतो. आहाराच्या नियमांतही हीच दृष्टी दिसते. दिगंबर परंपरेत गाळलेले पाणी 48 मिनिटे, लवंगेसारख्या द्रव्याने प्रासुक, म्हणजे जीवरहित, केलेले पाणी 6 तास आणि उकळलेले पाणी 24 तास चालते. पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस असते. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य जिवाणूंना रोखते आणि दमट हवेत पीठ लवकर बिघडते, हे प्रयोगशाळेनेही मान्य केलेले आहे. पाणी उकळण्यातही हिंसा होतेच, हा आक्षेप खरा आहे; त्यावर परंपरेचे उत्तर असे, की एकदाच्या मर्यादित हिंसेने पुढची अखंड उत्पत्ती आणि तिच्यासोबतचा अखंड नाश टळतो.

मात्र या जुळणीवरून पूर्वजांना जिवाणूशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढणे हा परंपरेचा गौरव नसून तिच्या हेतूचा विपर्यास आहे. जैन आचारात मुरलेले लोणचे अभक्ष्य ठरते, तर शास्त्राच्या दृष्टीने नीट खारवलेले, आंबट आणि तेलाखाली बुडालेले लोणचे सुरक्षित असते. उलट मनुस्मृतीने आंबलेले पदार्थ वर्ज्य सांगताना दही त्यातून वगळले. दह्यातले उपकारक जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून घातक जिवाणूंना मागे सारतात, हे कारण तेव्हा कोणासमोर नव्हते. धर्माचा नियम मनाच्या संयमासाठी असतो, शास्त्राचा शरीराच्या रक्षणासाठी. दोन्ही एका ठिकाणी भेटतात ते काळाच्या जाणिवेत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहारासाठी यातयाम असा शब्द येतो. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ अर्धवट शिजलेले असा घेतला. शब्दशः पाहता शिजून एक याम, म्हणजे 3 तासांचा प्रहर, उलटलेले अन्न असाही अर्थ होतो. अनुकूल उष्णतेत काही जिवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात, म्हणजे वाढ एकदा सुरू झाली की एका यामात 9 वेळा, आणि एकाचे 512 होतात. दोन्ही अर्थांतले अन्न आजच्या मापानेही धोक्याचेच ठरते.

येथे नैसर्गिक या शब्दावरील आंधळा विश्वास तपासावा लागतो, कारण बिघडणे हेही तितकेच नैसर्गिक आहे. मराठवाड्यात उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. भगर ओलावा ओढून घेते, तिच्यावर बुरशी धरते, आणि सुट्या, जुन्या पिठात बुरशीची विषे साठतात. खव्याला अस्वच्छ हात लागला तर स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे विष तयार होते, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. व्रत निष्ठेने पाळणाऱ्याच्या ताटात हे यावे, यासारखी वेदनादायक गोष्ट नाही, आणि श्रद्धेने वाढलेले अन्न श्रद्धेमुळेच निर्दोष होते असे कोणत्याही संप्रदायाच्या विचारी माणसाने म्हणू नये.

सुट्या मिठाईवर ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे हे लिहिणे 1 ऑक्टोबर 2020 पासून दुकानदारांना बंधनकारक झाले. मर्यादा पाळण्याची शिकवण ज्यांच्याकडे शतकानुशतके आहे, त्या मठ-मंदिरांनी आणि अन्नछत्रांनीही महाप्रसादाच्या पातेल्याशेजारी तो शिजल्याची वेळ ठळक लिहून ठेवावी, आणि भगरीचे पीठ बाजारातून सुटे न आणता भगर निवडून, धुऊन, वाळवून उपवासाच्या आदल्या दिवशीच दळून घ्यावी.