वजनकाट्याला काय कळतं?

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! युडकिन मॅरेथॉन धावणारे; याज्ञिकांचं धावणं रुग्णालयाची लिफ्ट पकडण्यापुरतं, असं सोबतच्या लेखातच गमतीनं म्हटलंय.

काटा हाडं, स्नायू, पाणी, चरबी सगळं एकत्रच तोलतो. आणि आपण? लग्नघरात भाचीला आधी ऐकवतो, ‘किती सुटलीस गं!’ असे टोमणे ऐकून जेवण लपूनछपून टाळणं, खाऊन मुद्दाम ओकून टाकणं हे नखरे नव्हेत, आजार आहे; तो अंगानं भरलेल्यांनाही होतो. घरात असं काही दिसलं तर ओरडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.