मजुरीचा जमाखर्च आणि सत्य

धायरीत धारेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जन्मलेली आणि आता दाराखालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेली एक पद्मिनी मोटार कित्येक महिने उभी आहे. कारागीर सडलेला भाग कापतो, नवा तुकडा ठोकून बेताला आणतो, जोडतो, लांबी भरून वाळू देतो आणि ओल्या पॉलिशपेपरने घासून, डोळे मिटून, तळहाताने उंचसखलपणा अजमावतो. टीव्हीवर हेच काम पाऊण तासात आटोपते; २००३ साली सुरू झालेल्या 'व्हीलर डीलर्स' या इंग्रजी कार्यक्रमात तर शेवटी मांडल्या जाणाऱ्या नफ्याच्या जमाखर्चात मेकॅनिकची मजुरीच धरलेली नसते.

ज्यात एकही विधान खोटे नाही, परंतु श्रमाचे मोल वगळलेले आहे, त्या कथनास सत्य म्हणावे काय? योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याची कसोटी केवळ वक्त्याच्या शब्दांपाशी थांबत नाही. आपला बोध दुसऱ्याच्या मनात उतरावा म्हणून वाणी असते, म्हणून ती फसवी, भ्रांत वा निष्फळ नसावी, आणि प्राणिमात्रांच्या उपकारासाठीच प्रवृत्त व्हावी, असे तेथे बजावले आहे. या कसोटीवर काळाचा संक्षेप मला क्षम्य वाटतो, कारण कीर्तनकारही चौदा वर्षांचा वनवास एका रात्रीत सांगतो आणि श्रोता फसत नाही, मजुरीचा लोप मात्र क्षम्य नाही, कारण असले कार्यक्रम पाहून आलेले गिऱ्हाईक "एवढे दिवस कशाला?" असे विचारून घासाघीस करू लागते. कारागीर वाद घालीत नाही. तो गिऱ्हाइकाचा हात धरून दारावर ठेवतो आणि अजून उरलेला खोलगट भाग त्याच्याच बोटांना दाखवतो.