स्वप्नातील शेत
(वाचन : उत्पत्ति ३:१७-१९)



शहरातील एका कचेरीत आपला एक बंधू कारकून आहे. वहीवर मान वाकलेली असते. परंतु मन गावच्या शेतात भटकते. तेथे शाळू डोलत आहे, विहीर तुडुंब आहे व तो आंब्याखाली शिदोरी सोडून निवांत बसला आहे. चित्र मोठे गोड. मात्र त्यात कर्ज नाही, पावसाची ओढ नाही, आणि माळ्यावर पाखरे राखीत उभा असलेला त्याचा म्हातारा बापही नाही. काढणीस ये म्हणून बापाने दोनदा कळविले. रजा असूनही हा गेला नाही.

देवाने आदामास दाखविलेल्या भूमीत काटेकुसळे व निढळाचा घाम आहे. सॅम हिगिनबॉटम १९०३ साली हिंदुस्थानात आले व अलाहाबादेस अर्थशास्त्र शिकवू लागले. शेतकऱ्यांचे दारिद्र्य पाहून ते नुसते उसासे टाकीत बसले नाहीत. अमेरिकेस जाऊन स्वतः शेतकी शिकले. नैनी येथे १९१० साली स्थापन झालेली शेतकी संस्था हे त्यांच्याच श्रमाचे फळ होय.

बंधो, शेताची ओढ खरी असेल, तर यंदा आठ दिवस जा व शाळू उपटावयास बापाच्या शेजारी उभा राहा. परत आल्यावर हातातील वही चोख लिही. तीही प्रभूचीच चाकरी आहे. स्वप्नातील शेत नेहमीच उत्तम पिकते, परंतु त्याची भाकरी कोणाच्याही ताटात पडत नाही.