तीन महिन्यांचे मोल

आमच्या खानापूर भागात एखाद्या घरी मूत्राशयाचा कर्करोग शरीरात पसरल्याचे निदान झाले, की घरच्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. औषध कोणते, हा पहिला. त्यासाठी भाताचे शेत विकावे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे आपणांसच शोधावे लागते.

अशा रोग्यांना पुष्कळ वर्षे सिस्प्लॅटिन व जेम्सिटाबिन ही औषधे देत आले आहेत. ती झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. २०२३ साली ६०८ रोग्यांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी निम्म्यांना जोडीला निवोलुमॅब दिले होते. हे औषध शरीराच्या रक्षक पेशींना लागलेला लगाम सोडवते. या जोड-उपचाराने रोग्यांचे मध्यम आयुर्मान १८.९ महिन्यांवरून २१.७ महिन्यांवर गेले.

म्हणजे सुमारे तीन महिने! एवढ्यासाठी जमीन विकावी काय? पण वाचकहो, हे तीन महिने प्रत्येकाच्या पदरी सारखे पडत नाहीत. तपासणीत रोगाची खूणही न उरलेले रोगी जोड-उपचारात शंभरात सुमारे २२ होते, नुसत्या केमोथेरपीत १२. कोणाला वर्षे लाभतात, कोणाला केवळ त्रास. आपले माणूस कोणत्या गटात, हे आधी कळत नाही.

म्हणून सर्वस्व विकणे हेच प्रेम आणि न विकणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे मंडळीत कोणी म्हणू नये. आम्हांस वाटते, खरा अन्याय निराळाच आहे. पुष्कळ घरांत रोग्यापासून रोगाचे नावही लपवतात. मग त्याच्यासाठी जमीन जाते, पण त्याला कोणी विचारलेले नसते. तो कदाचित म्हणेल, "नातवंडांसाठी शेत राखा", कदाचित म्हणेल, "मला जगायचे आहे." दोन्ही उत्तरांचा मान राखला पाहिजे.

आणि औषधाची किंमत म्हणजे काही विधिलिखित नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगात गोळ्यांच्या उपचाराला निवोलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा जोडून पाहिली. ही नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षाअखेर हयात असलेले रोगी शंभरात १६ वरून ४३ झाले. तो निष्कर्ष मूत्राशयाच्या रोगाला तसाच लावता येणार नाही. परंतु गरिबाला परवडेल काय, हा प्रश्न तेथे उपचाराचाच भाग मानला गेला.

आपणही आजाऱ्याच्या घरी जाऊ तेव्हा प्रार्थनेआधी त्याच्याजवळ बसून विचारावे : तुम्हांला काय हवे आहे? मग उत्तर पुरते ऐकून घ्यावे.